जुनी पट्टी सोडा, गाणं सोडू नका

प्रिय ताई,

लग्नाआधी तुमची गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली होती. पुढच्या परीक्षेचा, विशारदचा, फॉर्म भरायचा राहिला, तो राहूनच गेला. आता चोपन्नाव्या वर्षी घर मोकळं आहे, मोबाइलवर तानपुरा आहे, पण तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, आवाज चिरकला की तुम्ही उठता आणि आठवडाभर पुन्हा बसत नाही. ‘माझं गाणं गेलं का?’ असं विचारलंय तुम्ही.

नाही गेलं, ताई. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की अजूनही काळी पाचमध्येच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गाता, कारण गाण्याच्या बाईंनी तीच पट्टी दिली होती. ती दिली होती विशीतल्या मुलीला! पाळी थांबण्याच्या सुमारास बायकांचा आवाज बहुधा थोडा खाली उतरतो, आणि मधली इतकी वर्षं तुमचा रियाजही नव्हता. उद्या काळी चार लावून बघा. तीही ओढून गावी लागली तर आणखी खाली या. यात कमीपणा वाटतोय तुम्हाला, आणि खरी अडचण मला तिथेच दिसते. त्या विशीतल्या मुलीशी तुम्ही रोज स्पर्धा लावता आणि रोज हरता.

शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐका. आवाज बारीक, उंच. पुढे घशावरच्या उपचारानंतर तो इतका भरदार झाला की नवख्याला पुरुष गातोय असं वाटावं. आज आपण त्यांना ओळखतो ते त्याच आवाजाने.

शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पंखा मोठा करून बसता, तो आधी बंद करा. त्या घरघरीत तुमचा सूर तुम्हालाच नीट ऐकू येत नसणार. सकाळी पंधरा-वीस मिनिटं नुसता खर्ज, म्हणजे खालचा सा, लावा, मंद्रातले (खालच्या सप्तकातले) स्वर लांबवा. महिनाभर तार सप्तकाकडे फिरकू नका. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

विशारदची घाई नको. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, येतं सत्र खुशाल सोडा. गुरू मात्र आत्ताच शोधा, एकटीने बसलात की पुन्हा उठाल. पहिल्या दिवशी ‘मध्यमा झालीय’ हे सांगाच, दडवू नका. आणि गुरू ‘अलंकारापासून सुरू करू’ म्हणाले, म्हणजे अगदी सुरुवातीच्या सरगमच्या पलट्यांपासून, तर अपमान मानू नका, करा.

तुमची,
ताई