कमांड स्वतःवरच का चढते?

प्रश्न: उबुंटूवर बॅशचा, म्हणजे कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रॉम्प्ट (कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारी खूण) हिरवा करून घेतला. तेव्हापासून लांब कमांड लिहिली की ती खालच्या ओळीत न उतरता त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन आधीच्या अक्षरांवर छापली जाते. वरचा बाण दाबून जुन्या कमांडी चाळल्या तर त्यांचे तुकडे मागे उरतात. दुसरं टर्मिनल, म्हणजे कमांडी जिच्यात दिसतात ती खिडकी, घालून पाहिलं, तरी तेच. — एक वाचक, कराड

उत्तर: टर्मिनल बदलून काही होणार नाही, ते बिचारं निर्दोष आहे. ओळ कुठे संपते याचा हिशेब दोघं आपापला ठेवतात, टर्मिनल आणि बॅश. हिरवा रंग सुरू करणारा कोड म्हणजे एस्केप हे नियंत्रण-अक्षर, [, ३, २ आणि एम, अशी पाच अक्षरं, रंग मिटवणारा चारांचा. पडद्यावर यातलं एकही दिसत नाही, पण बॅशला ते कोणी सांगितलेलं नसतं. तो तीही रुंदीत धरतो, ओळ भरली असं वेळेआधीच समजतो आणि कर्सर भलतीकडे नेतो.

उपाय: प्रॉम्प्टच्या व्याख्येत प्रत्येक रंगकोडाच्या आधी \[ आणि नंतर \] घाला. फक्त कोडाभोवती. काहीजण उत्साहाने नावासकट सगळा प्रॉम्प्टच कंसात कोंबतात, मग बॅश दिसणारी अक्षरंही सोडून देतो आणि गोंधळ उलट्या बाजूने सुरू होतो. नेटवरून उचललेल्या रंगीत प्रॉम्प्टमध्ये हे कंस अनेकदा गळालेले असतात, म्हणून तिथली ओळ डोळे झाकून चिकटवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कंस घालूनही कडेला गडबड दिसली तर 'टर्म' या चलात काय आहे ते बघा, टर्मिनलच्या प्रकाराचं नाव तिथे असतं. डेक या कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० या टर्मिनल-यंत्राची एक खोड आजची बहुतेक टर्मिनलं पाळतात. ओळीच्या शेवटच्या, म्हणजे त्या यंत्रावर ऐंशीव्या घरात (एका अक्षराच्या जागेत) अक्षर पडलं तरी कर्सर लगेच खाली उतरत नाही, तिथेच थांबतो. पुढचं अक्षर आलं तरच उतरतो. मला तर ही खोड शहाणपणाचीच वाटते, कारण नेमकी ऐंशी अक्षरांची ओळ छापून नवी ओळ मागितली तरी मध्ये रिकामी ओळ पडत नाही. टर्मिनलांच्या माहितीकोशात हिची नोंद एक्सईएनएल नावाने असते. 'टर्म'मध्ये चुकीचं नाव असेल तर प्रोग्रॅमला चुकीची नोंद मिळते.

आणि हो, प्रॉम्प्टमध्ये देवनागरी नाव घालायचा मोह झालाच तर जपून. काना किंवा वेलांटी कुठे शून्य घरांची धरली जाते, कुठे एका. बॅश आणि टर्मिनलचं त्यावर एकमत होईलच असं नाही. हौस असेल तर प्रॉम्प्ट दोन ओळींचा करा: नाव वर, खाली नुसतं डॉलरचं चिन्ह. कमांड खालच्या ओळीत लिहिली जाते आणि बॅशचा हिशेब तिथूनच सुरू होतो.