रिकाम्या चौकोनातली साळुंकी

प्रश्न : आमच्या बार्शी तालुक्यातील पक्षीमित्रांनी या हिवाळ्यात एक स्पर्धा ठेवली आहे. ज्या गावांतून ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर आजवर एकही यादी गेलेली नाही, तेथील नोंदींना अधिक गुण मिळतात. मी तीन गावांची गायराने फिरलो. साळुंकी, होला, वेडा राघू आणि कोतवाल यांपलीकडे फारसे काही दिसले नाही. त्याच रविवारी मित्र मात्र भिगवणला रोहित पाहून आले. माझ्या नोंदींचा खरोखर काही उपयोग आहे का?

उत्तर : आहे, आणि त्या रविवारपुरता तो भिगवणच्या यादीहून अधिक आहे. भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात दर सुट्टीला दुर्बिणी लागलेल्या असतात. तेथे आणखी एका यादीने ज्ञानात फारशी भर पडत नाही. जेथे कोणी जातच नाही, तेथे नकाशावर पक्षी नाही असे दिसते, पण प्रत्यक्षात तेथे निरीक्षक गेलेला नसतो. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे उदाहरण पाहा. 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षे त्याची खात्रीशीर नोंद नव्हती; 1997 मध्ये तो तत्कालीन धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि 2014 मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या जंगलात दिसला.

साळुंकीबद्दलची आपली निराशा मला समजते, परंतु यादी पूर्ण असेल, म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी तीत असेल आणि वेळ व अंतरही नोंदलेले असेल, तर जो पक्षी तीत नाही त्याचीही ती साक्ष ठरते. 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून 942 जातींचा आढावा घेतला, आणि आपल्या विजेच्या तारांवर बसणारा नीलपंखही लक्षणीय घटल्याचे दाखवले. ही घट त्याच्या दर्शनांच्या नुसत्या बेरजेवरून कळत नाही. किती याद्यांत तो आला आणि किती याद्यांत आला नाही, या प्रमाणावरून कळते.

आपल्या स्पर्धेच्या नियमांत मात्र मला एक उणीव दिसते. पहिल्या भेटीलाच सारे गुण दिल्यास लोक गावे शिवून येतील, पुन्हा जाणार नाहीत; आणि एका सकाळी धाविक किंवा पखुर्डी यांसारखा माळावरचा पक्षी दिसला नाही, एवढ्यावरून तो तेथे नाही असे म्हणता येत नाही. राज्यात कोणता पक्षी कोठे आढळतो याचा नकाशासंग्रह करणाऱ्या केरळ पक्षी अ‍ॅटलासच्या स्वयंसेवकांनी 2015 ते 2020 या काळात राज्याच्या नकाशाचे चौकोन पाडले, त्यांतील 1.1 किलोमीटर बाजूचे छोटे चौकोन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले आणि पावसाळ्यात व कोरड्या ऋतूत, अशा दोन्ही वेळा त्यांची पाहणी केली. निवड नशिबावर सोडल्यामुळे ‘चांगली जागा’ शोधण्याचा मोह उरला नाही. आपणही दुसऱ्या ऋतूतील भेटीला पहिल्याइतकेच गुण ठेवावेत.

प्रश्न : गुणांसाठी घरट्याचे छायाचित्र चालेल का?

उत्तर : चालवू नये. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. छायाचित्रासाठी माणूस जवळ थांबला की पक्षी उठतो आणि अंडी उन्हात तापतात. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज लावण्यासही गुण नकोत. राखीव वनात जायचे असल्यास वन विभागाची परवानगी आधी घ्यावी, आणि गायरानात शिरताना निदान मेंढपाळाशी दोन शब्द बोलावेत. लांडगा, चंडोल आणि पाखरांची पाणवठ्यावरची वेळ त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसते.