प्रभुभोजनातला पंक्तिप्रपंच

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेचे अ‍ॅलन बोसाक हे पाद्री, शिवाय धर्मशास्त्राचे प्राध्यापक. अशा माणसाने राजकारणात पडायला नको होतं, असं नाही वाटत? शेवटी पैशांच्या भानगडीत तुरुंगात गेलेच ना!

उत्तर : तुरुंगाचं नंतर बोलू. राजकारण म्हणाल, तर ते बोसाक जन्मायच्या कितीतरी आधीच तिथल्या चर्चमध्ये येऊन बसलं होतं. १८५७ साली केपमधल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या, म्हणजे डच वसाहतवाल्यांनी आणलेल्या प्रोटेस्टंट पंथाच्या, धर्मसभेने ठराव केला : सर्वांनी एकत्र उपासना करावी हेच शास्त्राला धरून आहे, पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ अडचण होत असेल, तर वेगळं बसायला हरकत नाही. दुर्बलता कुणाची? काळ्यासावळ्यांसोबत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षारस, घ्यायला कचरणाऱ्या गोऱ्यांची! सवलतीचा पुढे नियम झाला. १८८१मध्ये मिश्रवंशीयांसाठी, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘कलर्ड’ लोकांसाठी, चर्चच वेगळं काढलं. १९४६ साली काकामासला जन्मलेले बोसाक त्याच चर्चचे पाद्री.

म्हणून १९८२मध्ये ओटावाला जे घडलं ते मला फार मोठं वाटतं. रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघाची सभा होती. प्रभुभोजनाची वेळ आली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या प्रतिनिधींनी भाकर आणि द्राक्षारस घेतलाच नाही. घरी जे पंगतीला बसू देत नाहीत, त्यांच्याबरोबर परदेशात एकोप्याचं सोंग कशाला आणायचं? त्याच सभेने अपार्थाइडचं, म्हणजे तिथल्या सरकारी वर्णभेदाचं, धार्मिक समर्थन पाखंड ठरवलं, आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांच्या दोन चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं आणि छत्तीस वर्षांच्या बोसाकना अध्यक्ष केलं.

लगेच १९८३ची राज्यघटना आली. संसदेत तीन सभागृहं : गोऱ्यांचं, कलर्डांचं, भारतीय वंशाच्यांचं. बहुसंख्य काळ्यांना काहीच नाही. बोसाक कलर्ड, गप्प राहते तर मताचा हक्क आयता पदरात पडत होता. त्यांनी मात्र जानेवारीत जोहान्सबर्गला विरोधी संघटनांना एकजुटीची हाक दिली आणि ऑगस्टमध्ये केपटाउनच्या मिचेल्स प्लेनमध्ये युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट उभी राहिली.

आता तुरुंग. एकदा ते १९८५मध्ये गेले. मंडेलांच्या सुटकेसाठी पोल्समूर तुरुंगावर मोर्चा निघायचा होता, त्याच्या आदल्याच दिवशी त्यांना उचललं. तुम्ही म्हणता तो तुरुंगवास २००० सालचा. त्यांच्या संस्थेला आलेल्या परदेशी देणग्यांच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं होतं. अपिलात सहा वर्षांची तीन झाली, २००१मध्ये ते सुटले, २००५मध्ये राष्ट्राध्यक्ष एम्बेकींनी माफी दिली. बोसाकनी गुन्हा कधीच कबूल केला नाही. पण पीडितांच्या नावाने आलेल्या पैशाला पै-पैचा हिशेब लागतो, आणि माफीने तो जुळत नाही, असं माझं मत.

तेव्हा संस्थेच्या वह्यांवर चोख माणूस बसवायला हवा होता म्हणालात, तर मी लगेच मान डोलावीन. राजकारणात पडायला नको होतं, हे मात्र पटत नाही.