हॉलचा ताबा किती वाजता, ते आधी लिहून घ्या

तुमच्या बहिणीचं लग्न डिसेंबरात, पुण्यात, मुहूर्त सकाळी सव्वादहाचा. कार्यालयवाले म्हणतात डेकोरेटर आमचाच घ्या, बाहेरचा आणलात तर रॉयल्टी भरा. शिवाय घरच्यांना मोगऱ्याचा मांडव हवाय. डेकोरेटर कार्यालयाचा घ्यावा की बाहेरचा, हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी अगदी इथेच उभा होतो, फक्त महिना मे होता.

बजेट, रंगसंगती, स्टेजचे फोटो हे सगळं तुम्ही ठरवलेलं दिसतंय, त्यात मी पडत नाही. रॉयल्टीचंही सांगतो, पण नंतर. आधी एक विचारतो : आदल्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये कोणाचा कार्यक्रम आहे? आणि तुमच्या डेकोरेटरच्या माणसांना आत कधी सोडणार?

मी हे तोंडी विचारलं होतं. कार्यालयाच्या ऑफिसातले गृहस्थ म्हणाले, "अकराला हॉल मोकळा होतो, रात्रभर करा काम." मी विश्वास ठेवला. पावतीवर फक्त तारीख आणि रक्कम होती, वेळ नव्हती, आणि ती लिहून मागायचं मला सुचलं नाही. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

आमच्या डेकोरेटरने मार्केट यार्डातून पहाटे माल उचलला. दिवसभर त्याच्या पोरांनी झेंडूच्या माळा आणि निशिगंधाच्या लडी ओवल्या, आणि रात्री अकराला टेम्पो गेटवर आला. आत कुणाचं तरी रिसेप्शन रंगात होतं. ते संपायला एक वाजला, मग त्यांचा मंडपवाला स्टेज सोडवत बसला. दोनच्या सुमारास मी वॉचमनला विनवलं. तो म्हणाला, "साहेबांनी सकाळी सहाचं सांगितलंय." साहेबांचा फोन बंद.

सहाला ताडपत्री उघडली तेव्हा आतून वाफ आली. ओला झेंडू ढिगाने दाबून ठेवला की आतून तापतो. मी माळेत हात घातला तर ती कोमट लागली, मधली फुलं चिकट होऊन गळत होती. निशिगंधाच्या पांढऱ्या लडींवर तपकिरी डाग पडले होते. गुलाबांनी माना टाकल्या होत्या. जवळजवळ निम्मा माल तिथेच बाजूला काढला. साडेदहाचा मुहूर्त, हातात चार तास. कमान झालीच नाही. बोहल्यामागे फुलांची भिंत ठरली होती, तिथे कापड लावून वरून चार माळा सोडल्या. अल्बममध्ये ते कापड अजून दिसतं आणि आईला अजून वाईट वाटतं.

डेकोरेटरची काही चूक नव्हती, तरी मी त्याच्यावर ओरडलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. कार्यालयाने मात्र एक शब्द दिलगिरीचा काढला नाही, वर सांगितलं की आम्ही असं कधी बोललोच नाही. लाखाच्या घरात भाडं घेणाऱ्यांनी एक वेळ लिहून देऊ नये? लिहिताना आत्तासुद्धा चिडचिड होते आहे, सांभाळून घ्या.

तर आता तुमचं. मी या धंद्यातला नाही, आणि हा अनुभव पुण्यातल्या एका कार्यालयाचा आहे, तुमचं कार्यालय चांगलं असेलही. पण मुहूर्त सकाळचा आणि आदल्या रात्री दुसऱ्याचा कार्यक्रम असेल, तर मी स्टेज आणि मांडव कार्यालयाच्याच डेकोरेटरला दिला असता. त्याचं सामान आत असतं आणि त्याला गेटवर कोणी अडवत नाही. बाहेरचाच हवा असेल तर रॉयल्टी द्या, पण त्याच पावतीवर ताब्याची वेळ, लिफ्ट आणि लाइट कधी मिळणार हे लिहून सही घ्या. हार, मुंडावळ्या, गजरे आणि वेण्या मात्र कोणत्याच डेकोरेटरला देऊ नका. ते तुमच्या नेहमीच्या फुलवाल्याकडून पहाटे आणा. वधूवरांचे हार फार जाड करू नका, दोन तास गळ्यात वागवायचे असतात.

मोगऱ्याबद्दल स्पष्ट बोलतो. त्याचा खरा हंगाम उन्हाळा. डिसेंबरात येतो तो थोडा आणि महाग, त्याचा मांडव करणं म्हणजे पैसे जाळणं. कागडा नावाचं पांढरं फूल दिसायला मोगऱ्याच्या जवळ जातं, पण वास नाही, तेव्हा "मोगरा" म्हणून काय लावतोय ते हातात घेऊन बघा. मी निशिगंध आणि पांढरी शेवंती घेतली असती. थंडीत ती छान टिकतात, तुम्हाला आमच्यासारखा उन्हाचा त्रासही नाही. खरा मोगरा फक्त वधूच्या वेणीत आणि जवळच्या बायकांच्या गजऱ्यांत ठेवा.

मार्गशीर्षातले गुरुवार कॅलेंडरवर बघून ठेवा. महालक्ष्मीच्या व्रतामुळे बुधवारी-गुरुवारी शेवंती, गुलाब, वेण्या सगळंच चढतं. लग्न गुरुवारी किंवा शुक्रवारी येत असेल तर भाव आत्ताच बांधून घ्या. डेकोरेटरकडून "फोटोसारखं करू" एवढंच ऐकून येऊ नका. झेंडू किती किलो, डच गुलाबाच्या गड्ड्या किती (एका गड्डीत साधारण वीस फुलं येतात), खरी फुलं कुठे आणि कापडी कुठे, हे लिहून घ्या. वर उंचावर कापडी लावायला माझी हरकत नाही, तिथे कोणी वास घ्यायला जात नाही.

अजून एक, अक्षतांमध्ये झेंडूच्या पाकळ्या मिसळू नका. गुळगुळीत फरशीवर त्या चिरडल्या की निसरडं होतं. आमच्या एका आजी घसरल्या, नशिबाने मागे भाचा होता म्हणून सावरल्या.

गजरे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की घाम सुटून काळे पडतात. ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, पाटीत मोकळे ठेवा आणि दहा जास्तीचे घ्या. ऐनवेळी विहीणबाईंच्या बहिणी निघतात.

कार्यालयात उद्याच जाऊन या. फोनवर विचारू नका, समोर बसून लिहून घ्या. त्यांनी लिहून द्यायला नकार दिला तर इथे सांगा, पुढे काय करता येईल ते बघू.