मोबाईलवर डॉक्टरच दाखवायचा तर नर्सिंग कशाला शिकवलं? तळोद्याहून आलेल्या पत्राला उत्तर

नमस्कार दादा,

पत्र वाचलं. मुलगी नाशिकला बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला परत नंदुरबार जिल्ह्यात येऊन उपकेंद्रावर सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचंय, आणि तुमचं म्हणणं की चार वर्षं पैसा घालून शिकवलं ते काय मोबाईलवर डॉक्टर दाखवायला का, त्यापेक्षा एम्सची परीक्षा द्यावी नाहीतर जर्मनीला जावं. तुमची काळजी मला पटते पण ते मोबाईलवर डॉक्टर दाखवणं असं जे लिहिलंय ना, ते मला अजिबात पटलेलं नाही.

ई-संजीवनी म्हणजे सरकारची व्हिडिओ कॉलवर डॉक्टर गाठून देणारी सेवा, ती चालते कशी ते बघा. पेशंट येतो गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात, डॉक्टर बसलेला असतो दुसरीकडे, हबवर. त्याला पेशंटचं पोट दाबून बघता येत नाही, बीपी घेता येत नाही, पायावर सूज किती ते कळत नाही. हे सगळं सीएचओ करते आणि तिने काय तपासलं काय विचारलं यावर डॉक्टरचं निदान ठरतं. रात्री झोपल्यावर दम लागतो का हे तिने विचारलंच नाही तर पलीकडचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला कुठून कळणार? चिठ्ठी डॉक्टरच देणार, तो अधिकार त्याचाच. पण कोणाला स्क्रीनवर दाखवायचं आणि कोणासाठी कॉल बिल न करता लगेच १०८ बोलवायची हे तिलाच ठरवावं लागतं, कधीकधी दोन मिनिटांत.

आणि तुमच्या भागात अजून एक गोष्ट आहे. धडगाव अक्कलकुव्याच्या पाड्यावरची म्हातारी पावरीत बोलते, हबवरच्या डॉक्टरला ती येत असेलच असं नाही. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की मुलीला भिली आणि पावरी दोन्ही चांगल्या येतात. अहो दादा, ही किती मोठी गोष्ट आहे! हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

कॉल संपला की खरं काम सुरू होतं. बीपीची गोळी चालू केली, महिन्याभरात बरं वाटलं की माणूस गोळी बंद करतो, आणि घरातले लोक ऊसतोडीला गुजरातला गेले की सगळंच तुटतं. मग जायच्या आधी त्यांना गाठून गोळ्या सोबत देणं, तिकडे कुठे तपासायचं ते सांगणं, आशाताईंनी घरोघरी विचारून भरलेल्या सीबॅक या तब्येतीच्या फॉर्मवरून तिशीच्या पुढचं कोण राहिलंय ते शोधणं, हे कुठलंही ॲप आपोआप करत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घ्या, नंदुरबारमध्ये तो आहे हे तुम्हाला सांगायला नको. २०२३ मध्ये केंद्राने त्याचं मिशन सुरू केलं, तपासणी होते, कार्ड मिळतं. पण नवराबायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून तो दोष अंगात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे लग्न ठरायच्या आधी, कोणाच्या पोरीला नावं न ठेवता घरात बसून समजावणारं माणूस लागतं, आणि ते गावाच्या ओळखीचं लागतं.

याला पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत साध्या गावातल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे आशांच्या कामात देशभर गेलं. तेव्हा तिथे कुठला व्हिडिओ कॉल नव्हता.

आता तुमची काळजी. सीएचओची नोकरी कंत्राटी आहे, हे मी लपवणार नाही. जाहिरातींमध्ये साधारण २५ हजार मानधन आणि कामगिरीवर १५ हजारांपर्यंत असं असतं, तो दुसरा भाग दर महिन्याला पूर्ण मिळेल असं धरून घराचा हिशोब करू नका. वरच्या पाड्यांवर नेटवर्क जातं, नोंदी भरण्यात भरपूर वेळ जातो. राहायची सोय सुरक्षित आहे का हे तुम्ही स्वतः जाऊन बघाच, बाप म्हणून ते बघायलाच पाहिजे.

तिच्या अभ्यासक्रमात सीएचओचा भाग धरलेला आहे का हे कॉलेजकडून लेखी घ्या, नसेल तर सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण करावं लागतं. निकाल लागला की नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लगेच, त्याशिवाय कुठलाच फॉर्म भरता येणार नाही. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग भरतीच्या परीक्षेला, वयाची अट ३० आहे, आरक्षणात सवलत मिळते ती वेगळी, म्हणजे दोन वर्षं उपकेंद्रावर काम करून सुद्धा ती परीक्षा देऊ शकते. जर्मनीसाठी जर्मन भाषा बी२ या पातळीपर्यंत करावी लागते, त्यात मन नसेल तर ढकलू नका. आणि पुढे तिला एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी करावीशी वाटली तर मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट आहे, पुणे विद्यापीठात आहे, तिथे हा अनुभव घेऊन गेलेली मुलगी वेगळीच उठून दिसते.

सध्या एवढंच करा, परीक्षा झाली की तिला पंधरा दिवस तिथल्या एखाद्या सीएचओताईंसोबत रोज जाऊन बसायला सांगा, आधी मेडिकल ऑफिसरला विचारून. एक दिवस तुम्हीही जा. ती संध्याकाळी घरी येऊन काय सांगते ते ऐका आणि मग मला फोन करा, तिलाही सोबत बसवा, तिघं मिळून बोलू.