वेधशाळेच्या कंट्रोल रूमसाठी मॉनिटरिंग स्क्रीन डिझाइन करताना काय लक्षात ठेवावं?

रंग कोणते, मॉनिटर किती, सॉफ्टवेअर कोणतं, एवढं सगळं विचारलं तुम्ही. हिरवा दिवा नेमका कशावरून लावायचा ते नाही विचारलं, आणि माझं भांडणच तिथं आहे, म्हणून लिहून राहिलो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, सध्या गावातच असतो, वावर पाहतो. त्याआधी काही वर्षं एका दुर्बिणीवर नाईट ऑपरेटर होतो. तिथं जुनं पॅनल होतं, खटके, दिवे आणि डोमच्या, म्हणजे दुर्बिणीवरच्या फिरत्या घुमटाच्या, शटरच्या मोटरचा एक अँपिअर मीटर. दिसायला पार भंगार. मग ते काढून नवीन सिस्टीम बसवली. मोठी टचस्क्रीन, त्यात डोमचं थ्रीडी चित्र, बटण दाबलं की चित्रातलं शटर मस्त सरकत बंद व्हायचं आणि हिरवं व्हायचं. पाहुणे आले की साहेब लोक हेच दाखवायचे.

ट्रेनिंगच्या दिवशीच मी त्या डिझाइनवाल्या पोराला विचारलं, हे हिरवं लिमिट स्विचवरून, म्हणजे शटर खरंच शेवटाला टेकलं की दबणाऱ्या खटक्यावरून, येते का? तो म्हणे नाही, पीएलसीनं, म्हणजे मोटरा चालवणाऱ्या कंट्रोलरनं, कमांड घेतली की येतं. म्हटलं शटर मधातच अडकलं तर? तर म्हणे अलार्म येईल ना सर. म्हटलं बरं, निदान मोटरचा अँपिअर तरी स्क्रीनवर ठेवा. "ऑपरेटरला एवढं डिटेल लागत नाही, स्क्रीन भरून जाते." आमचे साहेबही हसले, म्हणे तुम्ही स्टार्टरच्या पेटीतून बाहेर या आता.

स्टार्टरच्या पेटीतच वाढलो ना मी. आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, थ्री फेजची लाईन बहुतेक रात्रीच येते. लहानपणी मी पेटीवरचे तीन दिवे लागलेले पाहून झोपडीत येऊन सांगायचो, बाबा मोटर चालू झाली. बाबा म्हणायचे, "लाईट लागला म्हंजे पाणी आलं काय रे? पाईपाले हात लाव आधी." फुटबॉलमधी, म्हणजे विहिरीतल्या पाईपाच्या तळच्या फूट व्हॉल्व्हमधी, कचरा अडकला की मोटर फिरते, आवाजही येतो, पण पाणी सोडलेलं असते. काटा आठ अँपिअरवर पाहिजे तो चारवर लोळत राहते आणि पाईप कोरडा, गरम. पाणी चालू असलं की तोच पाईप थंडगार आणि हाताखाली थरथरते. आजही मी दिव्याकडे पाहतच नाही, काटा पाहतो अन् पाईपाला हात लावतो.

तर ती रात्र. मान्सूनच्या तोंडावरचे दिवस, ह्युमिडिटी 83 झाली, आमची मर्यादा 85 ची होती. मी वाट न पाहता शटर बंदची कमांड दिली, चित्र सरकलं, हिरवं झालं, मी लॉग भरत बसलो. आमच्या डोममध्ये शटरला वीज मिळायची ती डोम फिरून त्याच्या ठरलेल्या पार्क जागेवर आला आणि कॉन्टॅक्ट जुळला तरच, आणि त्या रात्री डोम वीतभर अलीकडेच थांबला होता. म्हणजे मोटरला करंटच नाही. अँपिअर मीटर असता तर काटा शून्यावर दिसला असता, विषय संपला असता. वरून वीस मिनिटं ह्युमिडिटी 83 च्या 83, कारण वेदर स्टेशनचं कनेक्शन हँग झालं होतं आणि स्क्रीन शिळा आकडा ताज्यासारखा दाखवत बसली. जनरेटरच्या टिनावर थेंब वाजले तेव्हा धावत वर गेलो, पाहतो तर शटर सताड उघडं, वर वीज चमकून राहिली. हँडल फिरवून फिरवून बंद केलं. आरशाचं झाकण सवयीनं आधीच लावलं होतं म्हणून आरसा वाचला, खालच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या रॅकमध्ये पाणी गेलंच. रिपोर्टमध्ये आलं, "ऑपरेटरने प्रत्यक्ष खात्री केली नाही."

हे नवीन नाही. 1979 साली अमेरिकेत थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीत हेच झालं होतं. व्हॉल्व्ह बंद करायचा सिग्नल गेला की पॅनलवरचा दिवा विझायचा, व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का ते त्याला माहीतच नव्हतं. व्हॉल्व्ह उघडाच अडकला, दोन तासांच्या वर भट्टी थंड ठेवणारं पाणी जात राहिलं, आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभराच्या वर अलार्म वाजले, त्यात कामाचा कोणता ते कोण शोधणार.

म्हणून स्क्रीनवर "सांगितलं" आणि "झालं" हे दोन वेगळे रकाने ठेवा, दोन्ही जुळले तरच हिरवं, नाहीतर पिवळं. प्रत्येक आकड्याशेजारी तो किती सेकंद जुना आहे ते लिहा, जास्त शिळा झाला तर पुसूनच टाका. तुमची दुर्बीण दुरून चालणार असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. हानलेची हिमालयन चंद्र दुर्बीण साडेचार हजार मीटरवर आहे आणि चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून उपग्रहामार्फत, तिथं टिनावरचे थेंब कोणाला ऐकू येणार?

बाकीचं पटकन सांगतो. काळ्यावर लाल थीम डोमच्या आत बसणार असाल तर ठीक, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागते. बंद खोलीत बसणार असाल तर तो नुसता शौक, आणि सगळीच स्क्रीन लाल असली तर अलार्म कोणत्या रंगाचा दाखवाल? नुसत्या लाल-हिरव्यावर भिस्त नको, काही पुरुषांना तो फरक नीट दिसत नाही, सोबत शब्द लिहा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसारख्या 30 अँटेना असतील तर 30 हिरवे डबे काय कामाचे, बिघडलेली तेवढी वर येऊ द्या. सॉफ्टवेअर म्हणाल तर ईपिक्स नाहीतर टँगो, दोन्ही फुकट, मोठमोठ्या दुर्बिणी त्यावर चालतात. पण वाईट स्क्रीन दोन्हीत सारखीच वाईट बनते.

आता हेही सांगून ठेवतो, माझा अनुभव एकाच मध्यम दुर्बिणीचा आहे. थ्रीडी चित्राशी माझं वैर नाही, ते खऱ्या एन्कोडरवरून, म्हणजे शटर नेमकं कुठं आहे ते मोजणाऱ्या सेन्सरवरून, हलत असेल तर खुशाल ठेवा. आणि दरवेळी वर जाऊन पाहायचा नियम आमच्याकडे कागदावर होता, हे खरं आहे, मीच गेलो नव्हतो.

एक शेवटचं. कमांड कधी दिली, स्विच काय म्हणाला आणि त्या क्षणी ऑपरेटरला स्क्रीनवर काय दिसत होतं, हे तिन्ही वेळेसकट आपोआप सेव्ह होईल अशी सोय पहिल्या दिवसापासून करा. चौकशीत मी हिरवं होतं, हिरवं होतं म्हणत राहिलो, दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.