हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) दोन तासांत करायची तर सुरुवातीला जोरात पळून वेळ कमवून ठेवावा का?

अजिबात नाही. हा सल्ला ग्रुपमधल्या कुणा सीनियरने दिला असेल, तर त्यांनाही हे वाचायला द्या.

तुमचा पेस, म्हणजे पळायचा वेग, येतो किलोमीटरला 5:41 (5 मिनिटं 41 सेकंद). चार तासांत फुल मॅरेथॉन (42 किलोमीटर) करायची तरी पेस तोच, आणि मी पहिली फुल त्याच हिशोबाने पळायला नाशिकहून मुंबईला गेलो होतो. स्टार्टला आमच्या ग्रुपमधले एक दादा म्हणाले, "ऊन नाही तोवर ओढून घे, नंतर कामाला येईल." मी 5:15 ने सुटलो. गंगापूर रोडच्या गारठ्यात सराव केलेले पाय, हलके वाटणारच. 10 किलोमीटर 52:30 मध्ये, म्हणजे चार मिनिटं पुढे. 25 च्या आसपास पेस वाढवला नसतानाही हार्टरेट चढायला लागला. आपल्याकडे जानेवारीत घाम वाळतो, मुंबईच्या दमट हवेत तो नुसता गळतो आणि शरीर निवत नाही. 30 ला 2:45 होते. 32 नंतर मांड्या दगड झाल्या, पेडर रोडचा चढ चालत चढलो. वेळ 4:31. शेवटच्या 12 किलोमीटरमध्ये ठरल्यापेक्षा 36 मिनिटं जास्त गेली.

दादा म्हणाले, "मन कच्चं पडलं." ते मला आजही मान्य नाही. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, स्नायूंत आणि यकृतात असतं, मनात नसतं. पेस वाढवला की ते भराभर जळतं, आणि पळता पळता एनर्जी जेल खाऊन तेवढं भरून येत नाही. केनियाच्या केल्विन किप्टमने 2023 मध्ये शिकागोला फुल मॅरेथॉनचा 2:00:35 चा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिली हाफ 60:48 ची होती आणि दुसरी 59:47 ची. त्याचं मन कच्चं होतं का?

तुम्ही पहिले 5 किलोमीटर 5:50 ने जा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर अजून हळू. 15 नंतर काय उरलंय ते बघून सोडा.

हाफमध्ये ग्लायकोजेन सहसा पुरतं, तिथे उष्णता जास्त नडते, हेही खरं. आणि केनियाचाच दिग्गज धावपटू किपचोगे याने 2022 ला बर्लिनमध्ये विक्रम केला तेव्हा त्याची दुसरी हाफ सव्वा मिनिटाहून जास्त हळू होती, पण तो किपचोगे.

पुढच्या वर्षी मी 5:50 ने सुरू करून 3:57 केली. दादा नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सगळ्यांना सांगतात, यंदा सराव जास्त झाला. आठवड्याचे किलोमीटर दोन्ही वर्षी तेवढेच होते. वही आहे माझ्याकडे.